स्थलांतरित मजुरांच्या बाजूने उभं राहणाऱ्यांची पाठराखण कशी करावी: कोकणात नव्याने कामाला लागणाऱ्यांसाठी

कोकणात मजुरांचे हिशेब मे महिन्यात होतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीबंदी असते, त्यामुळे मिरकरवाडा, हर्णै, मालवणच्या बंदरांवरचे नेपाळी आणि परराज्यांतले खलाशी मेअखेर मोकळे होतात. आंब्याची शेवटची पेटी गेली की बागेतल्या राखणदाराचं काम संपतं. पावसाच्या तोंडावर चिरेखाणी थांबतात, वीटभट्ट्या विझतात, दिवाळीनंतर उचल घेऊन बाहेर पडलेली कातकरी कुटुंबं आपापल्या वाडीवर परततात. पूर्ण हंगामाच्या मजुरीतून उचल वजा, आठवड्याची खर्ची वजा, कधी दवाखान्याचा खर्चही वजा. उरलेल्या आकड्यावरून तंटा होतो तो याच दिवसांत. मजुराच्या बाजूने वही घेऊन बसलेला माणूस मालकाच्या डोळ्यांवर येतो तोही याच दिवसांत.

हा लेख त्या माणसासाठी आहे, आणि त्याहून जास्त त्याच्या आजूबाजूच्यांसाठी: त्याच्यासोबत जाणारा मित्र, वकिलीची सनद नुकतीच हातात आलेली मुलगी, निवृत्त गुरुजी, अंगणवाडीच्या ताई. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ९ डिसेंबर १९९८ रोजी मानवी हक्क रक्षकांबद्दलचा जाहीरनामा संमत केला. त्यानुसार हे काम करायला पद, पावतीपुस्तक किंवा संस्थेची नोंदणी लागत नाही. शांततेच्या मार्गाने दुसऱ्याच्या हक्कासाठी उभा राहणारा कुणीही माणूस त्यात बसतो. भट्टीवर मारहाण झाल्याचं पाहून फोन करणारी अंगणवाडी सेविकाही त्यात आली. हे आधी सांगायचं कारण असं की, अशा बायका स्वतःला कार्यकर्त्या समजत नाहीत आणि म्हणून कसलीच तयारी ठेवत नाहीत.

धोका ओळखीच्या दारातून येतो

शहरातून आलेली सुरक्षेची पत्रकं अनोळखी हल्लेखोराबद्दल बोलतात. आपल्याकडे होडीचा मालक बहुतेक वेळा तुमच्या आत्याच्या सासरचा असतो, बागायतदार शाळेच्या समितीवर असतो, आणि मुकादमाने गेल्या गणपतीत तुमच्या घरी आरती म्हटलेली असते. पहिली धमकी धमकीसारखी वाटतच नाही. "अरे, तुझे बाबा आणि मी एका बाकावर शिकलो. कित्याक उगाच त्या नेपाळ्यांच्या भानगडीत पडतंस?" हे प्रेमाने म्हटलेलं असतं. मग भावाचं ग्रामपंचायतीतलं बिल अडकतं. मग आईला पाणवठ्यावर कुणी बोलेनासं होतं. तिसऱ्या टप्प्यावर रात्री घराबाहेर गाडी थांबते.

हे सगळं पायरीपायरीने येतं म्हणून पहिल्या पायरीपासून नोंद हवी. पुढे काहीच होणार नाही असं धरून चालू नका. फेब्रुवारी २०२३ मध्ये राजापुरात पत्रकार शशिकांत वारिशे यांच्या दुचाकीला गाडीने धडक दिली, दुसऱ्या दिवशी ते गेले, आणि पोलिसांनी खुनाचा गुन्हा नोंदवला. ते रिफायनरी प्रकल्पाविरोधात बातम्या लिहीत होते, विषय वेगळा होता. पण रस्ता आपलाच होता. त्याआधी १६ जानेवारी १९९७ ला मुंबईत पवईला डॉ. दत्ता सामंतांवर गोळ्या झाडल्या गेल्या. ते मूळचे मालवणजवळच्या देवबागचे, आणि ज्यांच्यासाठी ते लढले त्या गिरणी कामगारांत कोकणातून गेलेले चाकरमानी भरपूर होते. परमुलखात राबणाऱ्या माणसाची अवस्था ज्यांनी घरात पाहिली आहे, त्यांना नेपाळी खलाश्याची बाजू समजावून सांगावी लागू नये. तरी लागते.

पहिलं काम: चौघांची टोळी आणि एक वही

कामाला लागण्याआधी चार माणसं ठरवा. एक प्रत्यक्ष मजुरांना भेटणारा, म्हणजे दिसणारा माणूस. दुसरा त्याच्यासोबत जाणारा. तिसरा कायम फोनवर असणारा. हा तालुक्याबाहेर, शक्यतो मुंबई-पुण्यात असलेला बरा, कारण गावातला दबाव त्याच्यापर्यंत पोचत नाही. चौथा वकील. वकील नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात आधीच जाऊन ओळख करून ठेवा. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, मानवी तस्करी किंवा वेठबिगारीचे बळी, औद्योगिक कामगार आणि कोठडीत असलेली व्यक्ती यांना मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१००. कार्यकर्ती बाई असेल तर उत्पन्न न बघता तिला स्वतःला हा हक्क आहे. अटक झालेल्या पुरुषालाही आहे.

वही साधी, शिवलेली, पानांना क्रमांक घातलेली घ्या. सुट्टी पानं नकोत. प्रत्येक नोंदीत तारीख, वेळ, जागा, कोण बोललं, जसेच्या तसे शब्द, आणि ऐकणारं आणखी कोण होतं. "मालकाने धमकी दिली" असं लिहू नका. "मालक म्हणाला, उद्या धक्क्यावर दिसलास तर पाय मोडेन, तेव्हा बर्फवाला आणि दोन खलाशी उभे होते" असं लिहा. रात्री त्या पानाचा फोटो तालुक्याबाहेरच्या माणसाकडे गेला पाहिजे. वही हरवते, जळते, जप्त होते. फोटोला त्या रात्रीची तारीख चिकटलेली असते आणि पुढे कोर्टात तिचा उपयोग होतो.

भेटीला जाताना

एकट्याने जायचं नाही. हा नियम सगळ्यांना पाठ असतो आणि सगळेच मोडतात, कारण दुसऱ्याला त्या दिवशी आंब्याची कलमं बांधायची असतात. त्यामुळे भेट पुढे ढकलायची तयारी ठेवा. मारहाण चालू असेल, कुणाला कोंडून ठेवलं असेल, तर तिथे तुम्ही धावत जाण्यापेक्षा ११२ वर फोन करून मग पोलिसांच्या मागोमाग जाणं शहाणपणाचं. मूल अडकलं असेल तर १०९८.

जाण्याआधी फोनवरच्या माणसाला तीन गोष्टी सांगा: कुठे, कुणाकडे, आणि किती वाजता परत फोन करणार. आपल्याकडे खाडीच्या काठाला आणि घाटात रेंज जाते, म्हणून "फोन लागला नाही" याचा अर्थ काय धरायचा हे आधीच ठरवून घ्या. ठरल्या वेळेनंतर अर्धा तास वाट, मग सोबतीला फोन, मग जवळच्या ओळखीच्या दुकानात, मग पोलीस ठाण्यात. हा क्रम कागदावर लिहून फोनवाल्याच्या भिंतीला लावलेला असावा. ऐन वेळी माणूस संकोचतो, उगाच बोभाटा नको म्हणून तासभर गप्प बसतो, आणि तो तास महागात पडतो.

परतीचा रस्ता जाताना ठरवायचा. दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ अशा फेरीबोटीवर अवलंबून असाल तर शेवटची फेरी किती वाजता ते त्या दिवशी विचारा. फेरी चुकली की मोठा वळसा पडतो, तोही अंधारात. गावात संध्याकाळी येणारी मुक्कामाची एसटी सकाळीच सुटते. तिने गेलात तर रात्र त्या गावात काढावी लागेल, मग राहायचं कुणाकडे? मालकाच्या भावकीतल्या घरी नको, आणि मजुरांच्या झोपडीत तर मुळीच नको. दुसऱ्या दिवशी त्यांच्यावर राग निघतो.

मालकाच्या जागेत, म्हणजे बागेत, खाणीत, भट्टीच्या आवारात, त्याच्या परवानगीशिवाय शिरू नका. अनधिकृत प्रवेशाचा गुन्हा लावायला तेवढं पुरतं. मजुराला बाजाराच्या दिवशी बाजारात, धक्क्यावर, रेशनच्या दुकानाशी, सरकारी दवाखान्यात भेटता येतं. आत जाणं भागच असेल तर कामगार अधिकारी किंवा तहसीलदाराबरोबर जा.

पैसा: इथे सगळ्यांत जास्त जपा

मजुरांसाठी काम करणाऱ्यावर येणारा सगळ्यांत सोपा आरोप खंडणीचा. भारतीय न्याय संहितेचं कलम ३०८. गोष्ट अशी घडते: मालक म्हणतो, चल, मिटवून टाकू. कार्यकर्ता मजुरांचे थकलेले पैसे आणायला त्याच्या ओटीवर जातो. पाकीट हातात येतं, आणि समोरच्या खोलीतून कुणीतरी फोनवर चित्रण करत असतं. पैसे मजुरांचे होते हे नंतर सिद्ध करत बसायचं, तोवर जामिनाची धावपळ.

त्यामुळे मजुराची मजुरी कधीही, कुठल्याही कारणाने, तुमच्या हातातून जाऊ देऊ नका. ती थेट मजुराच्या बँक खात्यात जावी. खातं नसेल तर कामगार कार्यालयात अधिकाऱ्यासमोर, किंवा निदान पोलीस ठाण्यात, मजुराने स्वतः घ्यावी आणि पावतीवर दोन्ही बाजूंच्या सह्या असाव्यात. तडजोडीची बोलणी ओटीवर करू नका, एकट्याने करू नका, आणि फोनवर आकडा उच्चारू नका. आकडा लेखी अर्जात यावा, हिशेबासकट: किती दिवस, काय दर, उचल किती, दिलेली खर्ची किती, येणं किती. असा अर्ज कामगार कार्यालयात देऊन पोच घेतली की तुमची मागणी ही कायदेशीर दाव्याची मागणी ठरते आणि खंडणीच्या आरोपातली हवा बरीचशी निघते.

मालकाकडून चहा घ्यायला हरकत नाही. आंब्याची पेटी नको, सुरमई नको, गाडीत पेट्रोल नको, मंडळाच्या नावाने देणगीही नको. कोकणात पेटी नाकारणं म्हणजे माणसाचा अपमान, हे खरं. तरी नाकारा. "आमच्या संघटनेचा नियम आहे, काका" एवढं म्हटलं की पुरतं. नियमावर राग धरता येत नाही.

स्वतःच्या खर्चाचाही हिशेब ठेवा. वर्गणी कुणाकडून आली, एसटीचं तिकीट, झेरॉक्स, सगळं. परदेशातून कुणी मदत देऊ केली, मग ती अगदी संकटकाळातली असली तरी, ती घेण्याआधी परकीय योगदान कायदा २०१० माहीत असलेल्या सनदी लेखापालाला विचारा. आयर्लंडमधल्या डब्लिनची फ्रंट लाइन डिफेंडर्स ही संस्था धोक्यातल्या कार्यकर्त्यांना तातडीची मदत करते, आणि ती खरोखर उपयोगी असते. पण पैसा कुठल्या खात्यात, कुणाच्या नावाने, कशासाठी, हे आधी न ठरवता घेतला तर तोच पुढे तुमच्याविरुद्ध बातमी होतो.

मजुरांचे कागद आणि तुमचा फोन

मूळ कागद स्वतःकडे ठेवू नका. मालक खलाश्यांची ओळखपत्रं ठेवून घेतो म्हणून तुम्ही ती सोडवून आणता आणि "हरवू नयेत" म्हणून आपल्या कपाटात ठेवता. उद्या झडती झाली की दुसऱ्याची ओळखपत्रं तुमच्या घरात सापडली असं होतं. फोटो काढा, मूळ कागद त्याच्या त्याला द्या.

यादीत मजुरांची नावं आणि जबाब एकाच ठिकाणी नकोत. जबाबावर क्रमांक, नावांची यादी वेगळी, तीही तालुक्याबाहेर. फोटो टाकण्याआधी मजुराला विचारा, आणि "हो" म्हणाला तरी दोनदा विचार करा. तुम्ही पुढच्या महिन्यात घरीच असाल. त्याला दिवाळीनंतर पुन्हा त्याच मुकादमाकडे जायचं असतं.

फोनला बोटाच्या ठशापेक्षा सहा अंकी किंवा लांब पासवर्ड ठेवा. व्हॉट्सॲपचं दोन टप्प्यांचं कुलूप चालू करा, संवेदनशील बोलण्यासाठी सिग्नल हे ॲप वापरा आणि संदेश आपोआप पुसले जाण्याची मुदत लावा. मात्र धमकीचा संदेश पुसू नका. स्क्रीनशॉटमध्ये पाठवणाऱ्याचा नंबर आणि वेळ दिसली पाहिजे. गावच्या ग्रुपवर तुमच्याविरुद्ध काही फिरत असेल तर तिथे उत्तर देऊ नका. जपून ठेवा, आणि बदनामी, खोटा व्हिडिओ, खातं चोरणं असं काही असेल तर १९३० किंवा सायबर गुन्ह्यांच्या सरकारी संकेतस्थळावर तक्रार करा.

धमकी आली की

पोलीस ठाण्यात जा, एकटे नव्हे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची (ज्याचा तपास पोलीस कोर्टाच्या हुकमाशिवाय करू शकतात) खबर कुठल्याही ठाण्यात देता येते, घटना कुठल्याही हद्दीतली असो. इलेक्ट्रॉनिक पद्धतीनेही देता येते, पण तीन दिवसांत सही करावी लागते. प्रथम खबरी अहवालाची प्रत फुकट मिळते. ठाण्याने नकार दिला तर तीच खबर टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवायची, आणि तिथेही काही झालं नाही तर प्रतिज्ञापत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज.

बहुतेक वेळा ठाण्यातून "एनसी करून देतो" असं उत्तर मिळतं, म्हणजे अदखलपात्र. नवखे लोक चिडून परत येतात. चिडू नका, एनसी घ्या, प्रत घ्या. एक एनसी म्हणजे काहीच नाही, पण एकाच माणसाविरुद्ध ओळीने लागलेल्या एनसी पुढच्या वेळी न्यायाधीशांना बरंच काही सांगतात.

अधीक्षकांना पाठवायचा अर्ज लांबलचक नको. असा चालेल:

"मी अमुक गावचा रहिवासी असून स्थलांतरित मजुरांना मजुरीच्या तक्रारी लेखी मांडण्यास मदत करतो. अमुक तारखेस, अमुक वाजता, अमुक जागी श्री. अमुक यांनी मला पुढील शब्दांत धमकी दिली: '…'. त्या वेळी अमुक हजर होते. याआधी अमुक तारखांस असेच प्रकार झाले असून नोंदींच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. माझ्या व माझ्या कुटुंबाच्या जिवास धोका आहे. गुन्हा नोंदवून संरक्षण मिळावे, ही विनंती."

रजिस्टर्ड टपालाची पावती वहीत चिकटवा. या अर्जात मजुरांची नावं घालू नका.

प्रकरण कोर्टात गेलं आणि तुम्ही किंवा मजूर साक्षीदार असाल, तर साक्षीदार संरक्षणाचा मार्ग आहे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये साक्षीदार संरक्षण योजना देशभर लागू केली. अर्ज जिल्ह्यातल्या सक्षम प्राधिकरणाकडे करायचा, त्याचे प्रमुख जिल्हा न्यायाधीश असतात. पोलिसांकडून धोक्याचा अहवाल मागवला जातो, आणि त्यावरून घराजवळ गस्त, बंदोबस्तात कोर्टात आणणं, ओळख लपवणं असे उपाय ठरतात. या योजनेचा अर्ज कमी लोक करतात, ठाण्यात कुणी आपणहून सांगतही नाही.

पोलिसांनी तुम्हालाच बोलावलं तर

तोंडी निरोपावर जाऊ नका. नम्रपणे सांगा, "साहेब, लेखी नोटीस द्या, लगेच येतो." साक्षीदार म्हणून बोलावणं नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ खाली असतं (इथली पुढची कलमंही त्याच संहितेची), त्यात स्त्रिया, पंधरा वर्षांखालचे, साठ वर्षांवरचे, अपंग आणि गंभीर आजारी यांना ठाण्यात बोलावता येत नाही, त्यांचा जबाब घरी येऊन घ्यायचा. आरोपी म्हणून बोलावणं कलम ३५(३) खाली. या नोटिशीला हजर राहिलंच पाहिजे, आणि हजर राहिल्यास कारण नोंदवल्याशिवाय अटक करता येत नाही. नोटीस कुठल्या कलमाची ते आधी बघा. वाद मोठा झालेला असेल तर वकिलाशी अटकपूर्व जामिनाबद्दल (कलम ४८२) बोलूनच जा.

अटक झालीच, तर बाहेर असलेल्या तिघांना पुढच्या गोष्टी माहीत हव्यात. अटकेची कारणं सांगितली गेली पाहिजेत, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या अलीकडच्या निकालांनुसार ती लेखी मागा. नातेवाईक किंवा मित्राला कळवलं गेलं पाहिजे. चौकशीदरम्यान वकिलाला भेटता येतं. वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे. प्रवासाचा वेळ वगळता चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर उभं केलं पाहिजे. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करता येत नाही. अपवादात्मक परिस्थितीत महिला अधिकाऱ्याने न्यायदंडाधिकाऱ्यांची आगाऊ परवानगी घेऊनच. झडतीचं दृकश्राव्य चित्रण कलम १०५ प्रमाणे बंधनकारक आहे. पंचनाम्याची प्रत मागा, आणि जप्त झालेल्या प्रत्येक वस्तूचं नाव त्यात आहे का ते बघा.

शुक्रवारी संध्याकाळी अटक झाली तर घाबरू नका, पण झोपूही नका. सुट्टीच्या दिवशीही न्यायदंडाधिकारी असतात. कोण आहेत ते विधी सेवा प्राधिकरणाकडून काढून ठेवा.

अटकेपेक्षा आपल्याकडे जास्त चालतं ते कागदी हत्यार. चॅप्टर केस (शांतता राखण्याचं बंधपत्र लिहून घेण्याची कारवाई), प्रतिबंधात्मक नोटीस, आणि फार झालं तर तडीपारी. आंदोलनाच्या आदल्या दिवशी येणारी नोटीस हातात घ्या, तारीख-वेळ लिहून सही करा, फोटो काढा. चॅप्टर केसमध्ये बंधपत्र लिहून देण्याआधी वकिलाला विचारा. घाईने सही करून सुटलेले लोक पुढे त्याच बंधपत्रात अडकतात. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ५६ खाली तडीपारीचा हुकूम निघण्याआधी म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते, आणि हुकूम निघाल्यावर तीस दिवसांत राज्य सरकारकडे अपील करता येतं. ही मुदत चुकवू नका.

वाळीत टाकलं तर

हा धोका इतर ठिकाणच्या माहितीपत्रकांत सापडणार नाही, पण रायगड-रत्नागिरीत तो खरा आहे. गावकीची बैठक होते, आणि दुसऱ्या दिवसापासून तुमच्या घरी कुणी येत नाही. पालखी दाराशी थांबत नाही. दुकानदार उधारी बंद करतो, मयताला खांदा द्यायला माणसं मिळत नाहीत. कार्यकर्ता सगळं सोसतो, पण आईला पालखी चुकल्याचं सोसत नाही, आणि घर मग त्याला थांबवतं. ज्यांना हे काम थांबवायचं असतं त्यांना ते चांगलं माहीत असतं.

महाराष्ट्राने यासाठी वेगळा कायदा केला आहे: सामाजिक बहिष्कारापासून व्यक्तींचे संरक्षण करणारा अधिनियम २०१६, अमलात जुलै २०१७ पासून. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे इथे "एनसी करतो" हे उत्तर चालत नाही. समाजाने किंवा जातपंचायतीने धार्मिक विधीला, स्मशानाला, समाजमंदिराला मज्जाव करणं, संबंध तोडायला लावणं हे यात येतं. बैठकीत हात वर करणारेही अडकू शकतात. त्यामुळे हा कायदा बैठकीआधी गावच्या शहाण्या माणसाच्या कानावर घालणं हाच पुष्कळदा उत्तम उपाय. पोलीस पाटलाला लेखी कळवून पोच घ्या.

पुरावा मिळवणं अवघड जातं, कारण वाळीत टाकल्याचं कुणी लिहून देत नाही. दवंडी, ग्रुपवरचा निरोप, नाकारलेली वर्गणीची पावती, आणि ज्यांच्याकडे गेलात आणि जे "वरून सांगितलंय" म्हणाले त्यांचे शब्द, हे सगळं वहीत हवं. गुन्हा नोंदवायचा की नाही हे घरच्यांना विचारून ठरवा. त्यांना त्याच गावात राहायचं आहे.

वेठबिगारीचं प्रकरण असेल तर

उचलीच्या बदल्यात माणूस अडकवून ठेवणं हा वेठबिगार पद्धती निर्मूलन कायदा १९७६ खाली गुन्हा आहे. वसई-पालघरकडे श्रमजीवी संघटनेने आणि रायगडात सर्वहारा जन आंदोलनासारख्या संघटनांनी आदिवासींसोबत वर्षानुवर्षं काम केलेलं आहे. नवख्यांनी स्वतःच्या हिमतीवर उडी घेण्याआधी अशा जुन्या लोकांना विचारावं. कार्यकर्त्याच्या सुरक्षेच्या दृष्टीने दोनच गोष्टी सांगतो. सुटका स्वतः करू नका, अर्ज जिल्हाधिकारी किंवा प्रांताधिकाऱ्यांकडे द्या आणि सुटका त्यांच्याकडून होऊ द्या. तुम्ही मजुरांना टेम्पोत बसवून आणलंत तर मालक अपहरणाची तक्रार करतो. दुसरं, मुक्तीचं प्रमाणपत्र मजुराच्या हातात पडेपर्यंत तिथून हलू नका. पुनर्वसनाची मदत त्याच्याशी जोडलेली आहे आणि तुमचा बचावही. कर्ज नव्हतं असं मजुराने सिद्ध करायचं नसतं. ही रक्कम वेठबिगारीची नाही हे दाखवायचा भार कायद्याने मालकावर टाकला आहे.

नेपाळी, बंगाली, आणि ज्यांना देशच उरला नाही ते

नेपाळच्या नागरिकाला भारतात राहायला, कामाला व्हिसा लागत नाही. १९५० च्या करारापासून ही सवलत आहे. धक्क्यावर "परदेशी माणसाला मदत करतोस" असं कुणी दरडावलं तर हे शांतपणे सांगा.

बंगाली बोलणाऱ्या मजुरांचं प्रकरण नाजूक झालं आहे. २०२५ मध्ये पश्चिम बंगालच्या काही मजुरांना मुंबई परिसरातून बांगलादेशी समजून उचलून सीमेपलीकडे पाठवलं गेलं आणि मग परत आणावं लागलं. अशा मजुराच्या बाजूने बोलणाऱ्यावरही शिक्का बसतो. इथे तुमचं काम एकच: त्याच्या गावच्या पंचायतीशी, मतदार यादीशी, घरच्यांशी लगेच संपर्क करून कागद मागवणं, आणि ते वकिलामार्फत देणं. घोषणा नंतर.

खरोखरच निर्वासित असलेला माणूस, समजा म्यानमारमधून आलेला, कोकणात क्वचित भेटेल. रत्नागिरीला ब्रह्मदेशचा माणूस तसा नवा नाही, थिबा राजा १८८६ पासून १९१६ मध्ये मरेपर्यंत इथेच नजरकैदेत होता. पण आजच्या निर्वासिताला राजवाडा मिळत नाही. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही, आणि १ सप्टेंबर २०२५ पासून नवा स्थलांतर व परदेशी नागरिक कायदा लागू आहे. म्हणून अशा माणसाला स्वतःच्या घरी ठेवून घेण्याआधी वकिलाला विचारा. हे निष्ठुर वाटेल, पण तुम्ही आत गेलात तर त्यालाही कुणी उरत नाही. दिल्लीतल्या संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्त कार्यालयात त्याची नोंद आहे का ते बघा. जगण्याचा हक्क, घटनेचं कलम २१, मात्र नागरिक नसलेल्यालाही आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये अरुणाचल प्रदेशातल्या चकमा निर्वासितांच्या प्रकरणात तसं स्पष्ट म्हटलं. उपचार, अन्न, वकील मिळवून देणं यात कुणी खोट काढू शकत नाही.

वरची दारं

राष्ट्रीय मानवी हक्क आयोगात मानवी हक्क रक्षकांसाठी खास संपर्क कक्ष आहे. तक्रार ऑनलाइन करता येते, हेल्पलाइन १४४३३, आणि घटनेपासून एका वर्षाच्या आत तक्रार हवी. राज्य आयोग मुंबईत आहे. एकच तक्रार दोन्हीकडे करू नका, राज्य आयोगाकडे आधीपासून असलेल्या प्रकरणात राष्ट्रीय आयोग लक्ष घालत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क रक्षकांविषयीच्या विशेष प्रतिवेदकांनाही लिहिता येतं. २०२० मध्ये त्या पदावर आलेल्या मेरी लॉलर यांनी २०२२ मध्ये निर्वासित आणि स्थलांतरितांसाठी काम करणाऱ्यांवरच अहवाल मांडला होता. ही दारं हळू उघडतात. तरी आयोगाचा प्रकरण क्रमांक ठाण्यातल्या अर्जावर लिहिला की वागणुकीत फरक पडतो.

घरचं

कार्यकर्त्याच्या घरी एक पान लिहून ठेवा आणि ते देवघराच्या फळीवर किंवा मीटरच्या पेटीशी असू द्या: वकिलाचा नंबर, बाहेरगावच्या माणसाचा नंबर, औषधांची नावं, मुलांना शाळेतून कोण आणणार. पोलीस आले तर दार कुणी उघडायचं आणि काय विचारायचं, हे आई-वडिलांना आणि घरच्या माणसांना आधी सांगा. त्यांना अंधारात ठेवून काम करणं हा धीटपणा नाही.

दिसणारा माणूस दर हंगामाला बदला. तोच तो चेहरा धक्क्यावर दिसत राहिला की सगळा राग एकाच घरावर साठतो. झोप उडालेली असेल, चिडचिड वाढली असेल, दारू वाढली असेल, तर १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर मराठीत बोलता येतं, फुकट. आणि चौघांपैकी कुणी "आता मला नको" म्हणालं तर कारण विचारत बसू नका. त्याच्याकडची वही, याद्या आणि किल्ल्या त्याच दिवशी दुसऱ्याकडे द्या, फोनमधल्या ग्रुपमधून त्याला काढा, आणि पुढच्या भेटीला कोण जाणार ते ठरवा.